रोज फिरवायच्या मस्टँगला हाय-स्टॉल कन्व्हर्टर: किती आरपीएमचा घेऊ?

शिरोलीकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी. पाच लिटर व्ही-८, सहा गिअरची ऑटोमॅटिक. गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. घरच्यांचं म्हणणं, तेवढ्या पैशात शिरोलीत आणखी एक शेड उभी राहिली असती. राहिली असती. पण शेडमध्ये बसून पन्हाळ्याला जाता येत नाही.

गाडी झाकून ठेवायला घेतलेली नाही. रोज राजारामपुरीतून कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल आणि शिरोली एमआयडीसी. जाऊन येऊन पंधरा-वीस किलोमीटर, त्यातले निम्मे पहिल्या-दुसऱ्या गिअरात. रविवारी पन्हाळा, महिन्यातून एकदा गगनबावडा उतरून कोकण. आणि आठवड्यातून दोन दिवस बायको घेऊन जाते, कारण तिची गाडी आमच्या भाच्यानं ठोकून ठेवली आहे.

तक्रार एकच. थांबलेल्या गाडीवर पाय दाबला की अर्धा क्षण काहीच नाही, मग एकदम लाथ. कागदावर ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क आहे, पण तो सव्वाचार हजार आरपीएमच्या आसपास. खाली गाडी झोपाळू वाटते. इनटेक, एक्झॉस्ट आणि ट्यून (इंजिनाच्या कंप्युटरची जुळणी) आधीच्या मालकानं केलेलं आहे. पुण्यातल्या एका ओळखीच्यानं सांगितलं, ३,८०० चा हाय-स्टॉल कन्व्हर्टर टाक, गाडी उडेल. म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मधला तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर, पण सुटताना इंजिनाला जास्त आरपीएमपर्यंत चढू देणारा. उडायची तयारी आहे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातही जायचंय. किती आरपीएमचा घ्यावा? वेगळा ऑइल कूलर लागेल का? आणि बसवायचा कुणाकडून?

फटफटीप्रेमी

नाद खुळा! आधी फोटो टाका, मग प्रश्न विचारा.

तवंदीघाट

भावा, ३,८०० च्या खाली उतरूच नको. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर बघितलंय मी. ब्रेक धरून रेस केली, लाइट पडली, ब्रेक सोडला की गाडी गायब. फॅक्टरीच्या कन्व्हर्टरवर तीच गाडी म्हशीगत उठायची. विषय हार्ड.

आपटेनगरची_मृणाल

तवंदीघाट, ती गाडी ॲम्बी व्हॅलीपर्यंत ट्रेलरवरून आली होती की चालवत, हे आठवतंय का? ट्रेलरवरून आली असेल तर तिचा अनुभव इथं लागू नाही.

शिरोलीकर, मी मूळची कोल्हापूरची, पुण्यात ट्रान्समिशन टेस्टिंगचं काम करते. जरा लांब लिहिते.

'३,८०० चा कन्व्हर्टर' अशी वस्तू नसते. टर्बाइनची, म्हणजे गिअरबॉक्सकडची बाजू धरून ठेवली आणि पूर्ण थ्रॉटल दिला, तर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून अडकतं तो स्टॉल स्पीड. कुठं अडकणार हे त्या इंजिनाच्या टॉर्कवर ठरतं. खोक्यावरचा आकडा कुणाच्या तरी इंजिनावर काढलेला असतो. हिशेब सोपा आहे. स्टॉलचा आरपीएम भागिले टॉर्कचं वर्गमूळ, हा भागाकार त्या कन्व्हर्टरपुरता जवळपास पक्का असतो. त्याला के-फॅक्टर म्हणतात. समजा एक कन्व्हर्टर ४०० न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनावर ३,००० ला अडकला. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे के आला १५०. हाच उचलून २५६ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला लावा, २,४०० ला अडकेल. ४८४ च्या इंजिनाला लावा, ३,३०० पर्यंत जाईल. लोखंड तेच. आणि टॉर्क धरायचा तो त्या आरपीएमला प्रत्यक्ष मिळणारा. ब्रोशरवरचा ५१५ चा आकडा इथं चालत नाही.

स्टॉल वर नेण्याची सगळ्यात ठोक युक्ती म्हणजे कन्व्हर्टरचा व्यास कमी करणं. टॉर्क झेलण्याची ताकद व्यासाच्या पाचव्या घातावर जाते. त्यामुळे बाकी सगळं तेच ठेवून व्यास फक्त १० टक्क्यांनी कमी केला तरी स्टॉल सुमारे ३० टक्क्यांनी वर चढतो. बारीक फेरफार इंपेलरच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूच्या पात्यांचा कोन आणि दोन्हींच्या मधला स्टेटर बदलून करतात. कन्व्हर्टर चांगला की वाईट हे इथं ठरतं. एकाच ३,००० च्या आकड्याचे दोन कन्व्हर्टर हलक्या पायाला पूर्ण वेगळे वागू शकतात. एक घट्ट, दुसरा पाणीपाणी.

तुमच्या गाडीला मी ३,८०० सुचवणार नाही. पण किती सुचवायचं हे सांगण्याआधी सध्याचा कुठं अडकतो ते कळायला हवं.

बापू_कागल

नमस्कार. मी कागलचा. असल्या गाड्यांतलं मला काय कळत न्हाई, पण कन्व्हर्टर म्हणशीला तर तीस वर्सं त्यातच गेली. जेसीबी दुरुस्त करतो. सगळ्याच बॅकहो लोडरला लोक जेसीबीच म्हणतात, ते जाऊदे.

ताईनी हिशोबाचं सांगितलं, मी हाताचं सांगतो. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवल्यात असं समज. आत दोन्हीकडं पाती, मधे तेल. एक वाटी इंजिन फिरवतंय, तिचं तेल दुसरीवर आपटतंय, दुसरी गिअरबॉक्स फिरवत्या. दुसरीतनं माघारी येणारं तेल उलट्या दिशेनं येतंय, ते पहिल्या वाटीला आडवं जाणार. म्हणून मधे स्टेटर. तो त्या तेलाची मान वळवून पहिल्या वाटीच्या पाठीवर ढकल देतोय. गाडी जाग्यावरनं सुटताना टॉर्क दुप्पट होतोय तो ह्याच्यामुळं. गाडी वेगात आली, दोन्ही वाट्या सारख्या फिरायला लागल्या की स्टेटर मधे अडचण करतोय, मग तो स्वतःच मोकळा फिरतोय. त्याला एकमार्गी क्लच असतोय.

आता मुद्दा. तू गाडी सेकंडहँड घेतलीस न्हवं? तो एकमार्गी क्लच जर मेला असंल तर टॉर्क दुप्पट व्हायचा बंद. गाडी सुटताना मेल्यागत, आणि हायवेला एकदम झ्याक. माणूस म्हणतोय इंजिन झोपतंय. आधी ते तपास. रोगी बघायच्या आधी ऑपरेशन कशाला?

आमच्यात मशीन 'ओढत न्हाई' म्हणून आलं की पहिली स्टॉल टेस्ट. तेल गरम करायचं, ब्रेक, गिअर, फुल रेस, आरपीएम बघायचा. पुस्तकापेक्षा कमी आला तर इंजिन तरी दमलंय न्हाईतर स्टेटर सुटलाय. जास्त आला तर आत क्लच घसरतोय. बकेट मुरमात रुतली, चाकं थांबली, इंजिन फुल, म्हंजे आमचं मशीन दिवसभर स्टॉलच खातंय. म्हणून त्येचा कूलर बघ केवढा असतोय.

शिरोलीकर

बापू, पाया पडतो. दोन वाट्यांचं बायकोलाही कळलं. तिचा प्रश्न: मग वाट्या जवळ का नाही आणत?

बापू_कागल

वहिनीस्नी सांग, तेल हाय म्हणूनच गाडी डीमधे उभी ऱ्हात्या, इंजिन बंद न पडता. जवळ आणून चिकटवायची सोय बी हाय, त्येला लॉक-अप म्हणत्यात. पण ती चालत्या गाडीत.

चौकस_लक्ष्मीपुरी

माझी ऑक्टाव्हिया आरएस डीएसजी आहे. तिला कितीचा बसेल?

आपटेनगरची_मृणाल

शून्याचा. डीएसजीमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच नसतो, दोन क्लच असतात. व्हर्टस किंवा स्लाव्हियामध्येसुद्धा १.० ऑटोमॅटिकला कन्व्हर्टर आहे आणि १.५ ला डीएसजी. एकाच गाडीच्या दोन तऱ्हा, नीट बघून बोलायचं.

चौकस_लक्ष्मीपुरी

बरं झालं विचारलं. मी ऑर्डर करणार होतो.

फौंड्रीवाला

शिरोलीकर, आपण शेजारी निघालो. मला उष्णतेचंच कळतं, तेव्हा त्यावरच बोलतो. ब्रेक धरून रेस करायची ती पाच सेकंदांच्या वर नाही असं सगळे सांगतात, पण का ते कुणी सांगत नाही. हिशेब करून बघितला.

३,००० आरपीएमला ४०० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १२५ किलोवॅट. चाकं थांबलेली आहेत, म्हणजे बाहेर काही जात नाही. सगळे १२५ किलोवॅट कन्व्हर्टरमधल्या तेलात. पाच सेकंदांत ६२५ किलोज्यूल. कन्व्हर्टरमध्ये पाचेक लिटर तेल धरलं तर वजन चार किलो. एक किलो तेल एक अंश तापवायला साधारण दोन किलोज्यूल लागतात. भागाकार करा, पाऊणशे अंशांच्या वर जातं. लोखंडानं आपला वाटा खाल्ला तरी ४०-५० अंश कुठं गेले नाहीत. नव्वदला असलेलं तेल पाच सेकंदांत १३०-१४०. आमच्या भट्टीला एवढ्या वेगानं तापमान चढवता आलं तर विजेचं बिल निम्मं होईल.

तवंदीघाट

पण रोज कोण ब्रेक धरून रेस करतंय? सिग्नलला तर नुसती उभी असते.

फौंड्रीवाला

बरोबर. सिग्नलची मला भीतीच नाही. आयडलला इंजिन देतंच किती? भीती आहे ती घाटाची. वैभववाडीहून करूळ घाट चढतोय, पुढं चिऱ्याचा ट्रक, वेग वीस-पंचवीस, पायाखाली थ्रॉटल बऱ्यापैकी, कन्व्हर्टर उघडा, म्हणजे लॉक-अप सुटलेला, आणि समोरून वारा नाही. तिथं दहा मिनिटं काढा आणि मग तेल मोजा.

आपटेनगरची_मृणाल

फौंड्रीवाल्यांनी नेमकी जागा पकडली. त्यात महामार्गाची भर घालते, कारण रोजच्या गाडीत फसगत होते ती तिथं.

तुमचा गिअरबॉक्स ६आर८०, मूळ झेडएफच्या ६एचपी२६ वर बेतलेला. पहिला गिअर ४.१७, सहावा ०.६९. चाकाचा घेर २.२ मीटरच्या आसपास धरला तर शंभरच्या वेगाला सहाव्या गिअरात, ॲक्सलचं गुणोत्तर ३.१५ असो की ३.५५, टर्बाइन १,६०० ते १,९०० च्या मध्येच फिरतं. म्हणजे ३,८०० स्टॉलचा कन्व्हर्टर लावलात तर पुणे-बंगळूर महामार्गावर तुम्ही कायम त्याच्या स्टॉलच्या निम्म्यावर. लॉक-अप असेल तोवर काळजी नाही, इंपेलर आणि टर्बाइन एक होतात, घसरण शून्य. पण पाय थोडा दाबला की लॉक-अप सुटतो आणि आरपीएमचा काटा एकदम वर, वेगाचा काटा जागेवर. शंभरला गाडी ओढायला पंधरा-वीस किलोवॅट लागत असतील आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर अडीच-तीन किलोवॅट तेलात. अंघोळीच्या पाण्याचे दोन हीटर रॉड गिअरबॉक्समध्ये सोडून कऱ्हाडपर्यंत गाडी चालवल्यासारखं.

म्हणून रोजच्या गाडीला लॉक-अप काढलेला कन्व्हर्टर घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो. लॉक-अप काही कालचा शोध नाही, पॅकार्डनं १९४९ मध्येच दिला होता. त्याच्या आदल्याच वर्षी ब्यूकचा डायनाफ्लो आला होता, तो सगळं काम कन्व्हर्टरवरच ढकलायचा आणि त्याच्या ढिलेपणाची लोक थट्टा करायचे. मुळात हर्मान फॉटिंगरनं १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, टर्बाइनचा वेग प्रोपेलरच्या वेगापर्यंत उतरवायला. समुद्रात कावळा नाका नसतो, हे लक्षात घ्या.

फटफटीप्रेमी

फोटो?

शिरोलीकर

फोटो टाकलाय बाबा, पहिल्या पोस्टमध्ये. मागं दिसतोय तो रंकाळा, पुढं दिसतोय तो भाचा. त्याला हात लावू देत नाही, नुसता उभा केलाय.

आता मोजमाप. बापूंच्या पद्धतीनं ब्रेक धरून बघितलं. २,१०० च्या आसपास मागची चाकंच घसरायला लागली. शेजारच्या कारखान्याचा वॉचमन पळत आला. मग मृणालताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे ओबीडी (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून इंजिनाचा आरपीएम आणि टर्बाइनचा आरपीएम असे दोन्ही आकडे नोंदवले. सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावर, हळू चालत्या गाडीत एकदम पूर्ण थ्रॉटल. इंजिन जिथं उसळून क्षणभर थांबतं तो आकडा सलग चार वेळा २,३५० ते २,४५० मध्ये आला. लॉक-अप लागल्यावर दोन्ही आकडे सारखे. तेल ८६ अंश.

आपटेनगरची_मृणाल

छान मोजलंत. ब्रेक धरून येणारा आकडा ताकदवान गाडीत खोटाच असतो, एक तर टायर हार मानतात नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, टॉर्क कापतो. उसळीचा, म्हणजे फ्लॅश स्टॉलचा आकडा धरायचा. २,४०० म्हणजे तुमचा स्टेटर जिवंत आहे. बापूंची शंका मिटली.

आणि आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. नोंदीच्या फाइलमध्ये पेडल १०० टक्के झाल्यावर थ्रॉटल उघडायला लागलेला वेळ बघा. तुमचा 'अर्धा क्षण' बराचसा तिथं आहे. आधीच्या मालकाच्या ट्यूनमध्ये पहिल्या गिअरातला टॉर्क दाबून ठेवलेला दिसतोय. आधी ट्यून नीट करून घ्या. एखादेवेळी कन्व्हर्टरची गरजच उरणार नाही.

तवंदीघाट

ताई, धाग्याचा जीवच घेतला तुम्ही.

शिरोलीकर

ट्यून करून घेतलं. खरंच निम्मी तक्रार गेली. पण उरलेल्या निम्म्यासाठी जीव तुटतोय. खोटं कशाला बोलू, आता कन्व्हर्टरबद्दल एवढं वाचलंय की तो घेतल्याशिवाय झोप यायची नाही. किती घेऊ तेवढं सांगा.

आपटेनगरची_मृणाल

हे प्रामाणिक. मग ऐका.

तुमच्या इंजिनाला कॅमशाफ्ट कंपनीचेच आहेत, सुपरचार्जर नाही. खालीही ते बऱ्यापैकी ओढतं, फक्त शिखर वर आहे. अशा इंजिनाला ३,८०० चा उपयोग नाही. रस्त्यावर तेवढ्या टॉर्कला टायर पुरणार नाहीत आणि पहिला गिअर ४.१७ आहे, तो आधीच पुरेसा छोटा आहे. आत्ताच्यापेक्षा ४००-५०० आरपीएम वर, म्हणजे तुमच्या इंजिनावर २,८०० ते २,९०० फ्लॅश. त्यापुढं रोजच्या गाडीत सुख कमी आणि सहन करणं जास्त. पुढंमागं सुपरचार्जर बसवणार असाल तर आत्ताच सांगा, कारण टॉर्क वाढला की हाच कन्व्हर्टर आपोआप सव्वातीन हजारांपर्यंत उसळेल.

बनवणाऱ्याला नुसता आकडा सांगू नका. गाडीचं वजन, ॲक्सलचं गुणोत्तर, टायरचा घेर, डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) टॉर्कचा आलेख आणि आत्ताचा फ्लॅश एवढं पाठवा. हे न विचारता 'कितीचा पाहिजे' एवढंच विचारणारा विक्रेता असेल तर फोन ठेवा.

लॉक-अपच्या क्लचचं अस्तर मात्र खोदून विचारा. तुमच्या गिअरबॉक्सचा लॉक-अप नुसता चालू-बंद नसतो. इंजिनाची थरथर खाण्यासाठी तो मुद्दाम थोडा घसरत ठेवतात. साधं कागदी अस्तर त्याला टिकत नाही, साठ-सत्तरच्या वेगाला गाडी खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथरते आणि पुढं पी ०७४१ चा, म्हणजे लॉक-अप नीट लागत नसल्याचा कोड येतो. सततच्या घसरणीला टिकणारंच अस्तर हवं. तीन प्लेटांचा क्लच तुम्हाला विकायला बघतील. एवढ्या टॉर्कला त्याची गरज नाही, आणि तो पुष्कळदा झटका देऊन लागतो. इंपेलरची पाती भट्टीत ब्रेझ केलेली, म्हणजे धातू वितळवून पक्की जोडलेली आहेत का हेही विचारा. नुसती अडकवलेली पाती जास्त आरपीएमला हलतात.

कूलर हवाच. प्लेटांचा, कंपनीच्या कूलरनंतर परतीच्या लाइनवर, समोरून मोकळा वारा लागेल असा. तेल मर्कॉन एलव्ही, दुसरं नाही. आणि तेलाचं तापमान दिसेल असं काहीतरी डोळ्यासमोर ठेवा. ८० ते ९५ ला गप्प चालवा, १२० ला काळजी करा, १३५ ला गाडी कडेला घ्या. दर दहा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं असं ढोबळ धरायचं.

गाडी वॉरंटीत नसेलच, पण विमावाल्यांना बदल कळवून ठेवा.

घाटवेडा

बसवण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या जुन्या जर्मन सेदानचा कन्व्हर्टर एका गॅरेजमध्ये बदलला. कुठलं गाव ते विचारू नका. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसला नव्हता. तो दोन-तीनदा खटखट करत आत जायला हवा, प्रत्येक दात आपल्या खाचेत. यांनी तसाच अर्धवट ठेवून गिअरबॉक्स इंजिनाला लावला, आणि अंतर उरलं ते बोल्ट आवळून मिटवलं. गाडी चालू केली, कडकड आवाज, पंपाचा गिअर फुटला. पाच मिनिटांत तेलात चुरा. वर मला सांगितलं, साहेब, पार्टच डिफेक्टिव्ह होता. गिअरबॉक्स उघडून दुसऱ्या मिस्त्रीनं दाखवलं तेव्हा कळलं.

त्यामुळे समोर उभं राहून बघा. गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण टेकल्यावरही कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या टोकाच्या चकतीपर्यंत) चार-पाच मिलिमीटर पुढं ओढायला जागा पाहिजे. जागा नसेल तर एकही बोल्ट आवळू देऊ नका.

बापू_कागल

शंभर टक्के बरोबर. आणि बसवायच्या आधी कन्व्हर्टरमधे लिटरभर तेल ओत. कोरडा फिरवायचा न्हाई. कूलरच्या नळ्या धुवून घे. बसवायला कोण मिळत न्हाई म्हणत असशील तर मी येतो. गाडी जेसीबीपेक्षा हलकी हाय, उचलायला सोपी.

शिरोलीकर

बापू, तुम्ही येताय म्हणजे झालं. ऑर्डर दिली. त्यांनी आलेख मागितला, ॲक्सल विचारला, 'गाडी रोज कोण चालवतं' हेही विचारलं. बायको म्हणाली, हा माणूस भला दिसतोय.

शिरोलीकर (चार महिन्यांनंतर)

उशीर झाला, माफी असावी. मधे पावसाळा गेला. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की ही गाडी घरी आणि मी मित्राच्या जीपमध्ये, एवढं ठरलेलं आहे.

कन्व्हर्टर बसला. बापू आणि त्यांचा मुलगा, दीड दिवस, माझ्याच शेडमध्ये, क्रेनच्या खाली. फ्लॅश २,८५० येतोय. सुटताना गाडी आता वाट बघत नाही. पाय दाबला की इंजिन थेट आपल्या आवडत्या जागी जाऊन उभं राहतं आणि तिथून ओढतं. वाघबिळापासून पन्हाळ्याच्या वळणांतून बाहेर पडताना जो फरक आहे तो शब्दांत सांगता येत नाही, आणि चारचौघांत सांगण्यासारखाही नाही.

आता दुसरी बाजू. शहरात लिटरला अर्ध्या किलोमीटरचा फटका. तेल शहरात ८८-९० च्या वर गेलं नाही. फौंड्रीवाल्यांचा घाट खरा ठरला. करूळ चढताना टँकरमागे अडकलो, आकडा ११२. मग हातानं गिअर धरून पुढच्या मोकळ्या तुकड्यात लॉक-अप लागू दिला, दोन-तीन किलोमीटरात ९८ वर उतरला. कूलर नसता तर काय झालं असतं याचा विचार करत नाही.

आणि बायकोचा निकाल. आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग तळघरात आहे, वर यायला चांगलाच चढ. पूर्वी ब्रेक सोडला की गाडी आपली आपण रांगत वर यायची. आता पेडल द्यावं लागतं, आधी नुसता आवाज वाढतो आणि मग गाडी एकदम पुढं येते. पहिल्या दिवशी वॉचमनची खुर्ची थोडक्यात वाचली. ती म्हणते, "आवाज आधी जातो, गाडी मागनं येते." गाडी ठोकल्याबद्दल मी भाच्याला बोललो होतो तेही त्याच वेळी ऐकवून घेतलं. तिची गाडी दुरुस्त होऊन आली आहे. ही आता ती घेत नाही.

तवंदीघाट

म्हणजे ३,८०० घेतला असता तर वहिनींनी तुम्हालाच तळघरात ठेवलं असतं. मान्य, मी चुकलो. एक चक्कर मारून आणा की.

आपटेनगरची_मृणाल

चढाचं मी सांगायला हवं होतं, ते निसटलं. डायनोवर तळघर नसतं. ट्यूनरला पहिल्या काही टक्के पेडलचा आलेख जरा मऊ करायला सांगा, थोडा फरक पडेल. पूर्ण जाणार नाही.

बापू_कागल

हजार किलोमीटर झालं का? झालं असंल तर पहिलं तेल काढ. नव्या अस्तराचा भुगा त्यात उतरतोय. आणि टाकून देऊ नको, पांढऱ्या कापडावर ओतून बघ.

शिरोलीकर

आज काढलं. फोटो टाकलाय. बापू, कापडावर बारीक चकचकीत काहीतरी दिसतंय. जीव वर आलाय.

बापू_कागल

चुंबक लाव. चिकटला तर लोखंड हाय, नव्यात एवढं निघतंय. पिवळं आणि न चिकटणारं असंल तर बुश खातंय, मग उद्या सकाळी गाडी न चालवता मला फोन कर.

शिरोलीकर

चिकटलं. सगळं चिकटलं.

बापू_कागल

मग जेव आणि झोप.